नळीचं तोंड कुठे आहे?

बंदुकीशी आपली पहिली ओळख बहुतेक जत्रेत होते. ठाण्यात बाळकुमकडे राहणाऱ्या माझ्यासारख्याची तरी तशीच झाली. पत्र्याच्या फळीवर रांगेत फुगे लावलेले, समोर बाकडं, बाकड्यावर दोन जुन्या एअर रायफली. फुगेवाला नळी मोडून छर्रा भरतो, खटकन बंद करतो आणि भरलेली रायफल आडवी फिरवत गिऱ्हाइकाच्या हातात देतो. त्या एका फेऱ्यात नळीचं तोंड कुल्फीवाला, पाळण्याची रांग, कडेवरचं पोर आणि खुद्द फुगेवाल्याची बायको, एवढ्यांवरून फिरून येतं. गिऱ्हाइकाचं बोट तोवर चापावर गेलेलं असतं. फुगा फुटला नाही की तो रायफल खाली करतो, मागे वळून मित्राकडे बघून हसतो, आणि रायफलही त्याच्याबरोबर मागे वळते.

या प्रकरणात ज्या खेळाविषयी सांगायचं आहे, त्यात या माणसाची स्पर्धा पहिल्याच मिनिटात संपली असती. फुगा फुटला असता तरी.

त्या खेळाला इंग्रजीत प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. आपण त्याला धावती नेमबाजी म्हणू, कारण ऑलिम्पिकच्या नेमबाजीपेक्षा त्याचं वेगळेपण इथेच आहे की नेमबाज एका जागी उभा नसतो. तो कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, आडोशांच्या मधून पळतो, खिडकीतून झाडतो, पळता पळता मॅगझिन बदलतो, आणि किती गुण किती सेकंदांत मिळवले यावर त्याचा नंबर लागतो. जेफ कूपर नावाच्या माजी अमेरिकन मरीनने आणि त्याच्या मित्रांनी कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकात पिस्तूल झटकन उपसण्याच्या ज्या लढती सुरू केल्या, त्यांतून हा खेळ वाढला. १९७६ साली मिसूरी राज्यातल्या कोलंबिया शहरात त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. कूपर तिचा पहिला अध्यक्ष. संघटनेचं ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं आहे, अर्थ अचूकपणा, जोर आणि वेग. चौथा शब्द ब्रीदात नाही, पण नियमपुस्तकात पानोपानी आहे: सुरक्षितता.

गुणांचं गणित आधी पाहू, कारण मोह तिथेच आहे.

लक्ष्य तपकिरी पुठ्ठ्याचं, आठ कोनांचं, साधारण दीड फूट रुंद. त्यावर तीन विभाग असतात, अल्फा, चार्ली आणि डेल्टा. लांबून त्यांच्या रेषा दिसतही नाहीत. मधल्या अल्फाला ५ गुण. कमी ताकदीच्या काडतुसाने झाडलं तर चार्लीला ३ आणि डेल्टाला १. जास्त ताकदीच्या काडतुसाने ४ आणि २. चुकलेल्या गोळीला उणे १०. काही पुठ्ठे मुद्दाम पांढरे ठेवतात. ते ओलीस धरलेले निरपराध समजायचे. त्यांना गोळी लागली तरी उणे १०. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. जो आकडा येतो त्याला हिट फॅक्टर म्हणतात.

आठ पुठ्ठे आहेत आणि प्रत्येकावर दोन गोळ्या, म्हणजे पूर्ण गुण ८०. पहिल्या नेमबाजाने सगळ्या अल्फात घातल्या, पण २० सेकंद घेतले: ८० भागिले २०, आकडा ४. दुसऱ्याने बारा अल्फात आणि चार चार्लीत घातल्या, गुण ७२, वेळ १६ सेकंद, आकडा साडेचार. दुसरा जिंकला. तिसरा त्याहून घाईत होता. त्याने १५ सेकंदांत आटोपलं, पण अकरा अल्फा, चार चार्ली आणि एक गोळी हवेत. ५५ अधिक १२ उणे १०, उरले ५७. आकडा ३.८. म्हणजे पाच सेकंद वाचवूनही तो संथ माणसाच्या मागे गेला.

हा भागाकार फार हुशारीने बांधलेला आहे. नुसता अचूक माणूस हरतो, नुसता चपळ माणूसही हरतो. पण सुरक्षितता या भागाकारात कुठेच नाही, अंशात नाही आणि छेदातही नाही. नियम मोडला तर दहा गुण कापून भागत नाही. स्पर्धक थेट घरी जातो. त्या दिवशीचे आधीचे सगळे टप्पे, प्रवास, काडतुसांचा खर्च, सगळं पाण्यात. मला या खेळात सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच वाटते. वेगाचा सौदा गुणांशी करता येतो, सुरक्षिततेशी करता येत नाही. तिला गुण लावले असते, तर कुणीतरी चतुर माणूस हिशेब मांडून बसलाच असता की एवढा धोका परवडतो.

आता नियम. ते तसे थोडे आहेत. कठीण जातात ते हातांना लागलेल्या सवयींमुळे.

पहिला नळीच्या तोंडाचा. मैदानाच्या मागे मातीचा बांध असतो, गोळी जिरवणारा. नेमबाज बांधाकडे तोंड करून उभा आहे असं धरा. नळीचं तोंड डावीकडे किंवा उजवीकडे ९० अंशांपलीकडे गेलं की संपलं. बसलेल्या माणसाला हे सोपं वाटतं. आता उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे पळायला सांगा, आणि पळता पळता मॅगझिन बदलायला. पाय डावीकडे, डोळे पट्ट्यावरच्या मॅगझिनकडे, आणि पिस्तूल आपोआप पळण्याच्या दिशेने, म्हणजे ९० अंशांच्या रेषेवर. मुरलेले नेमबाज म्हणून बांधाकडे छाती ठेवून खेकड्यासारखे तिरके पळतात, नाहीतर मनगट मुरडून नळी बांधाकडे रोखून धरतात. शरीर एकीकडे आणि नळी दुसरीकडे, हे अंगी बाणायला महिने जातात.

दुसरा बोटाचा. पळताना, भरताना, रिकामं करताना किंवा अडकलेली गोळी काढताना बोट चापाच्या कडीबाहेर, आणि ते पंचाला स्पष्ट दिसलं पाहिजे. पंच, म्हणजे रेंज ऑफिसर, नेमबाजाच्या हातभर अंतरावर चालत असतो, आणि पुठ्ठ्यांकडे त्याचं लक्षच नसतं. तो फक्त पिस्तूल आणि हात बघतो. कोण किती चांगलं झाडतोय हे प्रेक्षकांना कळतं, त्याला कळत नाही.

तिसरा नियम नको तेव्हा सुटलेल्या गोळीचा. भरताना सुटली, पळताना सुटली, बांधावरून गेली किंवा पायापासून तीन मीटरांच्या आत जमिनीत घुसली, तर स्पर्धा संपली. जमिनीत घुसलेल्या गोळीला एक अपवाद, मुळात लक्ष्यच तेवढं जवळ मांडलेलं असणं. पोलादी लक्ष्यावर सात मीटरांच्या आतून झाडलं तरी तेच, कारण गोळीचे तुकडे उलटे येतात.

आणि एक नियम मला इतका आवडतो की तो ओळखीच्यांना सांगत असतो. स्पर्धा सुरू नाही, तुम्ही नुसते उभे आहात, आणि होल्स्टरमधून रिकामं पिस्तूल खाली पडलं. तर शिक्षा नाही. पण ते वाकून उचललंत, तर बाद. हात न लावता पंचाला बोलवायचं. तो उचलेल, तपासेल आणि तुमच्या होल्स्टरमध्ये किंवा पेटीत ठेवून देईल. पडलेली वस्तू उचलणं ही माणसाची जवळजवळ जन्मजात प्रतिक्रिया. फोन पडला की हात आधी जातो, मेंदू नंतर. पडत्या पिस्तुलाला झेलायला गेलेली बोटं नेमकी चापात शिरतात. म्हणून त्या प्रतिक्रियेवरच नियमाने बोट ठेवलं आहे.

मैदानावर पिस्तूल एरवी रिकामंच असतं. पोलीस असो की फौजी, भरलेलं पिस्तूल कमरेला लावून फिरायचं नाही. हाताळायचं असेल, होल्स्टर नीट करायचं असेल, तर त्यासाठी आखलेला एक कोपरा असतो. तिथे पिस्तूल काढा, साफ करा, रिकामा सराव करा, पण काडतुसाला स्पर्श करायचा नाही. सरावाचं खोटं काडतूसही चालत नाही. पंचाच्या हुकमाशिवाय पिस्तूल आणि काडतूस यांची गाठ पडू द्यायची नाही.

ते हुकूम जगभर इंग्रजीतच देतात. ‘लोड अँड मेक रेडी’ म्हटलं की भरायचं. ‘आर यू रेडी?’ याचं उत्तर द्यायचं नसतं; गप्प राहिलात म्हणजे तयार आहात. मग ‘स्टँडबाय’, आणि त्यानंतर एक ते चार सेकंदांत कधीही टायमरची शिट्टी. नेमकी कधी, हे नेमबाजाला कळू नये म्हणूनच ती ढील. टायमर पंचाच्या हातात असतो, गोळ्यांचे आवाज ऐकून वेळ नोंदतो आणि शेवटच्या आवाजाला थांबतो. झाडून झालं की ‘अनलोड अँड शो क्लिअर’: मॅगझिन काढा, नळीचा मागचा भाग उघडून रिकामा दाखवा. पंच स्वतः डोकावतो. मग ‘हॅमर डाउन’, म्हणजे बांधाकडे रोखून रिकामा चाप ओढा. तुमची आणि पंचाची नजर चुकून एखादी गोळी राहिलीच असेल, तर ती इथे सुटते, मातीत जाते, आणि नेमबाज घरी जातो. शेवटी ‘रेंज इज क्लिअर’. तोपर्यंत पुठ्ठ्यांकडे कुणी पाऊल टाकायचं नाही.

आमच्याकडच्या कोलशेत रस्त्यावरच्या केमिकल कंपन्यांत ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्या पिढीला ही शिस्त समजावून सांगावी लागणार नाही. आता तिथे टॉवर उभे आहेत, पण त्या काळच्या कुणा निवृत्त फोरमनला विचारा. टाकीत उतरण्याआधी परमिट, वेल्डिंगआधी परमिट, लाइन बंद केल्यावर तिला आपलं कुलूप आणि किल्ली आपल्याच खिशात. माणूस हुशार आहे म्हणून परमिट माफ होत नाही. उलट जुना, हात बसलेला माणूसच जास्त चुकतो, असं ती मंडळी सांगतात. रेंजवरचे पंचही शब्दशः हेच सांगतात.

सामानाबद्दल लिहायला बसलं तर वेगळं पुस्तक होईल, कारण नेमबाज दोन भेटले की नियमांवर पाच मिनिटं आणि होल्स्टरवर दोन तास बोलतात. थोडक्यात सांगतो. डोळ्यांना चष्मा आणि कानांना आवाजरोधक, हे नेमबाजाला आणि प्रेक्षकालाही. पट्टा कमरेला घट्ट. पळताना पिस्तूल उडून पडेल असं होल्स्टर चालत नाही. लष्करी छाप्याच्या कपड्यांना नियमपुस्तक नाक मुरडतं. हा खेळ आहे, लढाईची नक्कल नाही, हे दिसायलाही दिसावं असा त्यामागचा आग्रह. आपल्याकडे सिनेमाने पिस्तुलाला गुंडगिरीशी इतकं चिकटवून ठेवलंय, मुंबईच्या बोलीत तर त्याला ‘घोडा’ म्हणतात, की हा आग्रह मला अगदी पटतो.

पिस्तुलांचे गट पडतात ते त्यांवर काय काय बसवलं आहे यावरून. ‘ओपन’ गटात लाल ठिपक्याची दुर्बीण, झटका कमी करणारी छिद्रं, सगळं चालतं. ‘स्टँडर्ड’ गटातलं पिस्तूल २२५ गुणिले १५० गुणिले ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. पेटी खरोखरच असते आणि पिस्तूल तिच्यात ठेवून बघतात. ‘प्रॉडक्शन’ म्हणजे कारखान्यातून आलेलं जवळपास तसंच. रिव्हॉल्व्हरवाल्यांचा गट निराळा, आणि ती मंडळी जरा निराळीच.

काडतुसाची ताकद मोजायची पद्धत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला किती फूट, दोन्हींचा गुणाकार, भागिले हजार. ग्रेन हे सोनाराच्या दुकानातल्या गुंजेचं चुलत भावंड. एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन बसतात. ९ मिलिमीटरची १२४ ग्रेनची गोळी १,०५० फुटांच्या वेगाने गेली तर आकडा १३० येतो. किमान १२५ लागतात. स्पर्धेत तुमच्या काडतुसांतली काही पंच काढून घेतात, एक गोळी उपसून तोलतात, बाकीची वेग मोजणाऱ्या यंत्रावरून झाडतात. कमी भरली तर तुमचे गुण धरत नाहीत. झटका कमी बसावा म्हणून दारू कमी भरणाऱ्यांसाठी ही तपासणी.

आणि इथेच आपल्याकडचा माणूस अडतो. या खेळाची पिस्तुलातली पहिली पायरी ९ मिलिमीटर आहे, आणि आपल्याकडे ९ मिलिमीटर पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली सर्वसाधारण नागरिकाला जो परवाना मिळतो, त्यात ते बसत नाही. प्रतिबंधित बोअरचा निर्णय केंद्राच्या हातात. बाळकुमचा रहिवासी ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करून, सगळ्या चौकशा पार पडून, बहुतेक वेळा .३२ बोअरपर्यंत पोहोचतो. आता .३२च्या स्पर्धेच्या काडतुसाचं गणित करा: साधारण १०० ग्रेन, साडेसातशे फूट. आकडा ७५. पायरीपासून ५० खाली. तेही शस्त्र निवडणुका आल्या की अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. त्यामुळे धावती नेमबाजी आपल्याकडे ऑलिम्पिक प्रकारांसारखी रुजली नाही, यात नवल नाही. मला त्याचं फार दुःखही नाही. शस्त्र सहज मिळणाऱ्या देशांची किंमत आपण बातम्यांत वाचतो.

पण पिस्तूल नेमबाजीत महाराष्ट्र मागे नाही. त्याच .३२च्या काडतुसाने खेळायच्या सेंटर फायर पिस्तूल प्रकारात मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. त्यांचा मुलगा रोनक याने २००६ साली मेलबर्नला समरेश जंगबरोबर स्टँडर्ड पिस्तुलाच्या जोडीचं सुवर्ण आणलं. आणि कोल्हापूरची राही सरनोबत. तिचा २५ मीटर पिस्तूल हा प्रकार धावत्या नेमबाजीचा, म्हटलं तर, स्थिर उभा राहणारा भाऊ. .२२चं पिस्तूल, वजन जास्तीत जास्त १,४०० ग्रॅम, चापाला किमान एक किलोचा ताण हवा. आणि या पिस्तुलालाही ठरलेल्या मापाच्या पेटीत मावावं लागतं. निम्म्या गोळ्या सावकाश झाडायच्या. उरलेल्या तिसांना प्रत्येकी तीन सेकंद: हात खाली, पंचेचाळीस अंशांवर, लक्ष्य खुलं झालं की हात वर, एक गोळी, हात पुन्हा खाली, सात सेकंद थांबा. होल्स्टर नाही, धावणं नाही, एकच हात. तरी इशाऱ्यानंतरचा तो क्षण दोन्हीकडे सारखाच.

२०१३ साली चांगवानच्या विश्वचषकात तिने सुवर्ण जिंकलं. पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मग कोपराच्या दुखापतीने तिला बराच काळ मागे ओढलं. २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला अंतिम फेरी संपली तेव्हा ती आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून ३४–३४ अशा बरोबरीत होत्या. जादा पाच गोळ्या झाल्या, पुन्हा बरोबरी. आणखी पाच झाल्या, आणि राही एका गोळीने पुढे. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला तीच. एका गोळीचा फरक, तीन सेकंदांत हात वर करून झाडलेल्या गोळीचा.

बाळकुमच्या मुलीला या वाटेला लागायचं असेल, तर सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलापासून. काडतूस नाही, दाबलेली हवा आणि साडेचार मिलिमीटरचा छर्रा. अशा पिस्तुलाला सर्वसाधारणपणे शस्त्र परवाना लागत नाही. ठाण्याहून लोकलने दादर, तिथून वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, किंवा त्याहून जवळ एखादी खासगी रेंज सापडली तर ती. पहिल्या दिवशी झाडायला कुणी देत नाही. एक भडक रंगाची प्लास्टिकची दोरी देतात, ती नळीतून आरपार घालायची, दोन्ही टोकं दिसली पाहिजेत. सुरक्षेची खूण म्हणतात तिला. ती दिसत असेल तर नळीत छर्रा नाही, हे लांबूनही कळतं. हुकूम होईपर्यंत दोरी काढायची नाही, पिस्तूल टेबलावर ठेवलं की तोंड लक्ष्याकडे, आणि पुढे कुणी लक्ष्यापाशी गेलं असेल तर पिस्तुलाला हातही लावायचा नाही. धावत्या नेमबाजीचं व्याकरण इथेही आहे, फक्त क्रियापदं कमी.

आणि मग घरचा सराव. नेमबाजीत निम्म्याहून जास्त तयारी छर्रा न घालता होते: हात उचलायचा, साईट जुळवायची, चाप ओढायचा, हात खाली. दिवसाला शंभर वेळा, पांढऱ्या भिंतीसमोर. प्रशिक्षक सांगतात, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी रिकामी आहे हे दोनदा बघा, आणि मागे काय आहे हे माहीत असलेल्या भिंतीकडेच रोखा.

आमच्या टॉवरमधल्या एका मुलीने हा सल्ला शब्दशः घेतला आणि हातात वही घेऊन घरभर फिरली. हॉलच्या भिंतीमागे शेजारचे देशपांडे आजोबा आरामखुर्चीत. बेडरूमच्या भिंतीमागे जिना, तिथे पोरं खेळतात. स्वयंपाकघराची खिडकी म्हणजे समोरचा बी विंग. दाराकडे रोखायचं तर दूधवाला. जत्रेतल्या फुगेवाल्याला चाळीस वर्षांत न पडलेला प्रश्न तिला एका संध्याकाळी पडला. शेवटी तिने बाबांकडून फ्लॅटचा नकाशा मागून घेतला, आणि आता रोज रात्री ती बेडरूमच्या कोपऱ्यातल्या दीड फुटी आरसीसी कॉलमसमोर उभी राहते. कॉलमवर मध्यभागी, डोळ्यांच्या उंचीला, तिने टिकलीएवढा काळा कागद चिकटवला आहे.